मळीवरचा सराव

खेळण्याआधी अंग गरम करणं या प्रकाराची मला आजही तिडीक आहे. सकाळी मी ज्या बागेत फिरायला जातो तिथे निवृत्त मंडळी हात गरागरा फिरवत उभी असतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ती आपापल्या सांध्यांसाठी करतात. पण कमरेवर हात ठेवून डावीकडे-उजवीकडे वळणारा माणूस दिसला की मला आमचे मोठे साहेब दिसतात, आणि त्यांच्या मागे रांगेत वळणारा मी दिसतो. मग मी त्या बाजूची चक्कर टाळतो.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात असिस्टंट केमिस्ट होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून कोणाचं भलं होणार नाही. नोकरीला तीन वर्षं झाली होती आणि मी अजून बॅचलर क्वार्टरमध्ये, एका खोलीत चौघे, असा राहत होतो. लग्न झालेलं होतं. बायको अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या गावी माझ्या आईवडिलांजवळ होती आणि भाद्रपदात आम्हाला मुलगी झाली होती. तिला मी तोवर दोनदाच पाहिलं होतं. गावी जायचं म्हणजे संगमनेरला एसटी बदला, अकोल्याला पुन्हा बदला, पुढे मिळाली तर जीप, नाहीतर दोन तास पायपीट. एका रविवारात ते बसत नसे.

कॉलनीत एक क्वार्टर रिकामं होतं. दोन खोल्या, मागे मोरी, दारात नळ. त्या वर्षी गावाकडे बायको दोन हंडे पाण्यासाठी ओढ्यात झिरा उकरून बसत होती, तेव्हा दारात नळ या तीन शब्दांनी माझी झोप उडवली होती यात नवल नाही. त्या क्वार्टरची किल्ली मोठ्या साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती आणि ती कोणाला द्यायची हे एकटे साहेब ठरवणार होते.

साहेब, म्हणजे आमचे जनरल मॅनेजर, त्या साली नवीनच आले होते. माणूस मराठीच, पण पंधरा वर्षं उत्तरेकडच्या कुठल्याशा मिलमध्ये काढून आलेला. तिथे ते इंग्रज मॅनेजरबरोबर गोल्फ खेळत असं ते सांगत. खेळत की नुसते बघत हे विचारायची आमची छाती नव्हती. त्यांच्याकडे चामड्याची एक उंच पिशवी होती, तिच्यात दहा-बारा काठ्या, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट, ज्यांना रोज खडू लावायला एक शिपाई होता.

एरवी दिवाळीनंतर सुरू झालेलं गाळप उन्हाळ्यापर्यंत चालायचं. त्या वर्षी ऊसच नव्हता. जो उगवला तो गुरांच्या दावणीला गेला. संक्रांत यायच्या आत कारखान्याची चाकं थांबली आणि गाडीतळ, जिथे हंगामात उसाच्या शेकडो बैलगाड्या रात्रंदिवस उभ्या असायच्या, तो ओसाड पडला. माणसं त्याकडे बघून उसासे टाकायची. आमच्या साहेबांना तिथे गोल्फचं मैदान दिसलं.

त्यांनी नगरच्या लष्करी छावणीतल्या कुणा कर्नलशी ओळख काढली होती. छावणीला स्वतःचं गोल्फचं मैदान होतं. कर्नलनी सौजन्य म्हणून म्हटलं असेल, या कधी खेळायला. साहेबांनी त्यावरून थेट सामनाच ठरवून टाकला. कारखान्याचे चार जण विरुद्ध छावणीचे चार जण, मार्चमधला एक रविवार. एकदा तिथे छाप पडली की छावणीच्या क्लबात आपल्याला कायमचं मेंबर करून घेतील असा त्यांचा होरा होता. चार जणांत ते स्वतः, चीफ इंजिनिअर, शेतकी अधिकारी आणि चौथा कोणी तरी हवा होता. मी नेमका त्याच आठवड्यात क्वार्टरचा अर्ज घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

अर्ज न वाचता ते म्हणाले, "केमिस्ट, तुमचं वय काय?"

"सत्तावीस, साहेब."

"मग सकाळी सहाला गाडीतळावर या. क्वार्टरचं तिथे बोलू."

दोन महिने मी रोज सहाला गाडीतळावर गेलो. क्वार्टरचं बोलणं झालं ते एवढंच की मी तोंड उघडलं की साहेब म्हणायचे, "बघू."

तो सराव कसा चाले ते सांगितलं पाहिजे. आधी अर्धा तास अंग गरम करणं. साहेबांकडे चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात बारा व्यायाम होते आणि ते बारा क्रमाने झाल्याखेरीज चेंडूला हात लावायचा नाही असा नियम. साहेब पुढे, आम्ही तिघे मागे. मनगटं फिरवा. मान फिरवा. कंबर सैल करा. दोन काठ्या एकत्र धरून हवेत झोका द्या. शेतकी अधिकाऱ्यांचं पोट असं होतं की पायाच्या अंगठ्याला हात लावा म्हटलं की ते गुडघ्याला लावायचे आणि वर साहेबांकडे बघून "लागला" म्हणायचे. चीफ इंजिनिअर मोठ्या अकलेचा माणूस, बॉयलरच्या आवाजावरून त्यातलं दुखणं ओळखणारा. तोही ते दोन महिने डोळे मिटून मान फिरवत होता, कारण त्याच्या मुलाला कारखान्यात चिकटवायचं होतं. आणि मी. माझी पाठ तरण्या घोड्यासारखी होती, मला गरम होण्याची काही गरज नव्हती, पण साहेब मागे वळून बघत तेव्हा सगळ्यात जास्त कंबर माझी हलत असे.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्याचा अर्थ मला गाडीतळावर कळला. खेळ सुरू व्हायच्या आधीचंच सगळं एवढं साग्रसंगीत की प्रत्यक्ष खेळाला साहेबांजवळ दम उरत नसे. बारावा व्यायाम संपेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. मग ते काठी उगारत, चेंडूच्या चार बोटं मागची माती उडवत आणि म्हणत, "अजून अंग सुटलं नाही." पुन्हा मनगटं. गाडीतळावर बैलांचं जुनं शेण वाळून दगडासारखं झालेलं होतं. साहेबांनी मारलेला चेंडू त्यात जाऊन पडला की चेंडू कुठला आणि शेणाचा गोळा कुठला हे शोधायला आम्ही तिघे वाकून फिरायचो.

इथवर नुसती करमणूक होती. खरी गोष्ट पुढे आहे, आणि तिच्यात मी आहे.

गोल्फमध्ये शेवटी चेंडू हलकेच ढकलून एका भोकात घालायचा असतो. जिथे पाणी आहे तिथे त्या भोकाभोवती मऊ हिरवळ राखतात. नगरला हिरवळ कुठली? म्हणून छावणीच्या मैदानावर भोकाभोवती वाळूचा मोठा गोल करत आणि वाळू उडू नये म्हणून तिच्यात जळकं इंजिन तेल मुरवत. वाळू तपकिरी होते, म्हणून त्या गोलाला ब्राऊन म्हणायचे. फळी ओढून तो सारखा केला की चेंडू त्याच्यावर सरळ घरंगळत जातो. सामन्याआधी आपणही गाडीतळावर एक ब्राऊन करायचं असं साहेबांनी ठरवलं. एवढ्यापर्यंत शहाणपणाचं होतं.

वर्कशॉपमध्ये जळकं तेल पिंपानं पडलेलं होतं. चीफ इंजिनिअरनी तसं सुचवलंही. पण साहेबांनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेल घाण करतं. आणि आपण साखरवाली माणसं. आपल्याकडे मळी आहे की."

मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उसाच्या रसाचा जो काळा, चिकट, दाट पाक उरतो तो. तिच्या टाक्या भरलेल्या होत्या. सरकारच्या नियमाप्रमाणे मळीचा थेंब परवान्याशिवाय कारखान्याच्या गेटबाहेर जाऊ शकत नव्हता. आमच्या गेटवरचा वॉचमन, शेजारच्याच वाडीतला म्हातारा, त्याने त्याच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे एक डबा मळी मागितली होती. त्याची म्हैस वाळलेल्या वैरणीला तोंड लावत नव्हती. वर मळीचं पाणी शिंपडलं तर खाईल म्हणाला. मी त्याला नियम सांगितला होता. तो म्हणाला, "व्हय साहेब, कायदा त्यो कायदाच." आणि गेला.

साहेब प्रयोगशाळेत आले. त्यांनी मला विचारलं, "केमिस्ट, वाळूला मळी दिली तर वाळू बसेल ना?"

मला उत्तर ठाऊक होतं. मळी हवेतलं पाणी ओढून घेते. पहाटेच्या दवात ती चिकट होणार, दुपारी तिची खपली होणार, माशा-मुंग्या येतील ते वेगळंच, आणि तिच्यावरून चेंडू काही तेलाच्या वाळूवरून जातो तसा जाणार नाही. हे सांगायला तीन वाक्यं पुरली असती. मी म्हणालो, "बसेल साहेब. लोखंडाच्या ओतकामात साच्यांच्या वाळूला मळीच देतात."

हे खोटं नव्हतं. ओतकामात देतात. फक्त ते साचे भट्टीत भाजतात आणि त्यांच्यावरून कोणी चेंडू ढकलत नाही, एवढं मी गिळलं. साहेब खूश झाले. इंजिनिअरला दाखवायला म्हणून त्यांनी ते लेखी मागितलं. मी प्रयोगशाळेच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, 'या कामासाठी मळी योग्य आहे' असं शेवटी लिहिलं आणि खाली सही केली. साहेब म्हणाले, माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी "बघू"च्या ऐवजी ते "करू या काहीतरी" म्हणाले. मी संध्याकाळी बायकोला पत्र टाकलं की क्वार्टरचं जमतंय.

चार पिंपं मळी त्या वाळूत गेली. पहिल्या दिवशी वास सुटला, दुसऱ्या दिवशी माशा आल्या, तिसऱ्या दिवसापासून मुंग्यांची रांग लागली ती शेवटपर्यंत हटली नाही. चिकटपणा मोडायला वरून बॉयलरची राख भुरभुरली, तेव्हा ते दिसायला डांबराच्या फुटक्या रस्त्यासारखं झालं. त्याच्यावर चेंडू ठेवून हलकेच ढकलला की तो वीतभर जाऊन थांबायचा. काळ्या चिखलात चप्पल रुतते तसा. साहेबांनी त्यातून धडा काढला. "चेंडूला दम द्या. घाबरू नका. मनगट सोडा." मग आम्ही दम द्यायला शिकलो. बारा व्यायाम झाल्यावर प्रत्येकाने रोज पन्नास वेळा त्या मळीवरून चेंडू ठोकायचा. महिनाभरात आमचे हात असे बसले की डोळे मिटूनही चेंडू तेवढ्याच जोरात जायचा. साहेबांचा तर चारपैकी तीनदा भोकात पडायला लागला. शेतकी अधिकारी म्हणाले, असा हात उभ्या महाराष्ट्रात नसेल. आम्ही सगळ्यांनी री ओढली.

एका सकाळी आम्ही गेलो तर ब्राऊनचा निम्मा भाग खणल्यासारखा झाला होता. वाळूत मोठ्या जिभांचे ओरखाडे, कडेला खुरांचे ठसे, आणि ताजं शेण. कोणाच्या तरी जनावरांनी तो रात्रीतून चाटून टाकला होता. साहेबांनी आधी पांढरे बूट शेणापासून दूर घेतले. वॉचमनला बोलावलं.

"तू होतास ना रे ड्यूटीवर?"

"व्हतो साहेब. पर मी गेटावर, आन ह्ये पार तिकडं. म्हसरं मोकळी सुटली आसतील कुनाची तरी."

"कोणाची?"

"आता अंधारात म्हसरू म्हसरासारखंच दिसतंय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मुकं जनावर हाय साहेब. त्येला काय कळतंय, ह्ये खेळायचं हाय म्हून."

साहेबांनी त्याचा एका दिवसाचा पगार कापला आणि ब्राऊनभोवती काटेरी तार मारून घेतली. ज्या महिन्यात जनावरं चाऱ्यावाचून मरत होती त्या महिन्यात आमच्याकडे गोडाच्या वाळूला तारेचं कुंपण होतं. मला त्या दिवशी साहेबांचा इतका तिटकारा आला की मी सहाव्या व्यायामाला मुद्दाम चुकलो. साहेबांच्या लक्षात आलं नाही.

सामन्याच्या रविवारी आम्ही कारखान्याच्या जीपमधून पहाटेच निघालो. राहुरी मागे पडेपर्यंत साहेब बोलत होते, की लष्करातली माणसं शिस्तीची, पण सराव करत नाहीत, आपला सराव त्यांना भारी पडेल. नगरला पोचलो तेव्हा कोवळं ऊन होतं. मैदान म्हणजे खडकाळ माळ, इकडेतिकडे बाभळी, एक कौलारू बंगली आणि तिच्या पुढे तेलाच्या वाळूचा एक गोल, सरावासाठी मुद्दाम केलेला. कर्नल त्या गोलावर एकटेच उभे होते. वाळक्या अंगाचा म्हातारा, कोपरावर रफू केलेला स्वेटर. त्यांनी दोन चेंडू ढकलले, एक खोकला काढला, आणि त्यांचं अंग गरम करणं संपलं.

त्यांनी साहेबांना नमस्कार केला आणि हिंदीत म्हणाले, की सुरू करण्याआधी इथे दोन-चार चेंडू ढकलून बघा, आज ब्राऊन जरा जलद आहे.

साहेब हसले. म्हणाले, "आमची तयारी दोन महिने चालली आहे, कर्नलसाहेब. आता फक्त अंग मोकळं करतो." आणि ते आम्हाला घेऊन बंगलीच्या बाजूला बाभळीखाली गेले. तिथे, सहा-सात लष्करी अधिकारी, त्यांच्या बायका आणि चहा देणारे दोन जवान यांच्यादेखत, आमचे बारा व्यायाम सुरू झाले. एक बाई तोंडाला रुमाल लावून आत गेल्या.

साहेबांचा एक हातमोजा जीपमध्ये राहिला होता. तो आणायला त्यांनी मला पाठवलं. येताना वाटेत तो सरावाचा गोल होता आणि कर्नल चहाला गेले होते. एक चेंडू तिथेच पडला होता. मी हातातल्या काठीने त्याला आमच्या गाडीतळाच्या सवयीने ठोकलं. भोक चार पावलांवर होतं. चेंडू भोकावरून गेला, गोल ओलांडून गेला आणि पलीकडे खडीत जाऊन टप्पे खात थांबला. मी तो परत आणला आणि नुसतं बोटाने ढकलल्यासारखं केलं. चेंडू पोचला आणि आत पडला.

मी तिथे उभा राहिलो. मला सगळं कळलं. आम्ही मळीवर महिनाभर जे शिकलो होतो ते सगळं उलटं होतं. हात आता चुकीच्या जोराला बसलेला होता, आणि तो तसा बसण्याचं मूळ माझ्या सहीच्या कागदात होतं.

बाभळीपर्यंत पन्नास पावलं असतील. साहेबांना एवढंच सांगायचं होतं: इथे हलकं मारा. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, का? मग मळीचं निघालं असतं, मग माझ्या चार ओळींचं. क्वार्टर गेलंच असतं. हे माझं कारण होतं आणि ते खरं होतं. पण आणखी एक कारण होतं, तेही लिहितो. तिथून मला साहेब दिसत होते, दोन काठ्या एकत्र धरून हवेत झोके देताना, आणि मला त्यांना पडलेलं बघायचं होतं. चारचौघांत, पांढऱ्या बुटांसकट.

"एवढा वेळ?" साहेब म्हणाले.

"बूट सुटला होता, साहेब."

पहिल्या ब्राऊनवर साहेबांचा चेंडू भोकापासून तीन पावलांवर आला. एवढं त्यांच्या नशिबाने झालं होतं. ते चेंडूपाशी उभे राहिले, मनगटं दोनदा फिरवली आणि दम दिला. चेंडू सुसाट पलीकडे गेला आणि गोलाबाहेर पडला. त्यांनी तिकडून दम दिला. चेंडू इकडे आला. तिसऱ्यांदा पुन्हा तिकडे. पाळण्यासारखा तो चेंडू येत-जात होता आणि आम्ही सगळे मान वळवत होतो, अगदी व्यायामात वळवायचो तसे. कर्नल खाली जमिनीकडे बघत होते, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. शेतकी अधिकाऱ्यांनी पाच वेळा इकडून तिकडे केलं. चीफ इंजिनिअरने दोनदा मारून चेंडू सरळ उचलून खिशात घातला.

मग मी. मी हलकेच ढकलला. चेंडू जाऊन पडला.

कर्नल म्हणाले, "तुमच्या या पोराचा हात नाजूक आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या ब्राऊनवरही माझा पडला. मला थांबता आलं असतं, मुद्दाम चुकता आलं असतं, पण खरं सांगायचं तर मला मजा येत होती. तिसऱ्यावर साहेब माझ्या आधी खेळले नाहीत. ते बाजूला उभे राहून माझ्या मनगटाकडे बघत राहिले. चहाच्या वेळी त्यांनी लष्करवाल्यांना सांगितलं, की तुमच्या ब्राऊनमध्ये तेल जास्त झालं आहे. नाचता येईना अंगण वाकडं. कर्नल म्हणाले, असेल. मेंबर होण्याविषयी कोणी काही बोललं नाही.

परतताना मी जीपमध्ये मागे बसलो होतो. राहुरीच्या अलीकडे साहेबांनी मान न वळवता विचारलं, "तुम्हाला पहिल्याच ब्राऊनवर कसं कळलं?"

"अंदाजानं, साहेब."

ते "हं" म्हणाले. शेतकी अधिकारी झोपेचं सोंग घेऊन पडले होते.

मंगळवारी गाडीतळावरची मळीची वाळू उकरून फेकली गेली. वॉचमनने ती गोण्यांत भरली आणि कुठे नेली ते मी विचारलं नाही. बुधवारी वर्कशॉपमधून जळक्या तेलाची पिंपं आली, नदीची चाळलेली वाळू आली, फळ्या आल्या. साहेब हरले होते तरी शिकले होते, एवढं श्रेय त्यांना द्यावं लागेल. हे सगळं सामान ठेवायला गाडीतळाजवळ कुलपाची जागा हवी होती. दुपारी शिपाई साहेबांच्या ड्रॉवरमधली किल्ली घेऊन गेला आणि पिंपं दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये लावून टाकली. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होतो. दारातल्या नळाखाली त्यांनी फळ्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली की सकाळच्या सरावाला असिस्टंट केमिस्टने येण्याची आवश्यकता नाही.

पाडव्याला जोडून रजा मिळाली, तेव्हा मी गावी गेलो. दुपारची वेळ होती. पडवीत वडील सुतळी वळत बसले होते, आई आत होती, बायको मुलीला मांडीवर घेऊन शेंगा फोडत होती. मी सगळा प्रकार साग्रसंगीत सांगितला. बारा व्यायाम उठून करून दाखवले, साहेबांची कंबर, शेतकी अधिकाऱ्यांचा गुडघा, पाळण्यासारखा चेंडू. वडिलांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "आरं काय रं ही शिकल्याली मानसं," ते म्हणत होते, "मळीवं खेळत्यात." आई दारात येऊन पदर तोंडाला लावून हसली. मी आणखी रंगात आलो. असल्या मूर्खांच्या हाताखाली नोकरी करायची म्हणजे काय, हे मी हात नाचवून सांगत होतो.

बायको हसली नव्हती. तिने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"मळी चालंल म्हून त्येंला कुनी सांगितलं हुतं?" तिने विचारलं.

"प्रयोगशाळेनं," मी म्हणालो.

"म्हंजी तुमी."

वडिलांचं हसू थांबलं. आई आत गेली.

"आन तिथं गेल्यावं तुमाला कळलं हुतं. तवाबी तुमी बोलला न्हाई."

मी काही तरी म्हणालो. साहेबांचा स्वभाव, नोकरीची परिस्थिती, असं काही. तिने ते ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. बाजारात नासकं वांगं परत टोपलीत टाकताना बायका बघतात तसं तिने माझ्याकडे एकदा बघितलं.

"पानी आनायला जायचंय," ती म्हणाली. "तवर हिला घ्या."

तिने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि दोन हंडे घेऊन ओढ्याची वाट धरली. मुलगी सात महिन्यांची होती. तिने मान वर करून माझा चेहरा नीट पाहिला, मग आजोबांकडे हात पसरले आणि परक्याकडे दिल्यावर मूल रडतं तशी रडायला लागली.